धोंडाबाईचं पुरं वाक्य

नाशिकच्या म्हसरूळमधल्या त्या कॉलनीत धोंडाबाईच्या वाटेला सहसा कोणी जात नाही. बाई वाईट आहे म्हणून नव्हे हो, दारात आलेल्याला चहा पाजल्याशिवाय ती सोडत नाही. पण खोटं तिला खपत नाही, आणि खपलं नाही की ती ते तोंडावर बोलून दाखवते. रेशनवाल्याने एकदा मापात हात मारला. सगळी रांग मूग गिळून उभी होती. हिने पिशवी त्याच्याच काट्यावर परत ठेवली आणि म्हणाली, "पुन्हा मोज. मला घाई नाय." त्याने निमूट पुन्हा मोजलं, आणि तेव्हापासून तिची पिशवी तो जरा सांभाळूनच भरतो.

तर ही बाई पन्नाशी ओलांडल्यावर इंग्रजी शिकायला बसली. का बसली, याबद्दल लोक काहीबाही सांगतात. कोणी म्हणतं मोबाइल वाचता यावा म्हणून, कोणी म्हणतं नातवंडाला शिकवायचंय म्हणून. सगळ्या थापा आहेत. ती बसली ती रागाने.

दिंडोरीच्या बाजूला द्राक्षांची पॅकहाऊस आहेत, त्यातल्या एकात ती हंगामात कामाला जाते. सकाळी पिकअप कॉलनीच्या तोंडाशी येते, बाया मागे दाटीवाटीने चढतात आणि थंडीत पदर कानाला गुंडाळून निघतात. पॅकहाऊस म्हणजे एक मोठी गारेगार शेड, मधून सरकता पट्टा, आणि पट्ट्याच्या दोन्ही अंगांना उभ्या बाया. डोक्याला जाळीची टोपी, हातात मोजे आणि बारीक कात्री. घड उचलायचा, चिरलेला नाहीतर डागी मणी कात्रीने अलगद काढायचा, घड डबीत बसवायचा आणि पुढे सरकवायचा. माल जातो परदेशी. त्यामुळे तिकडचे खरेदीदार अधूनमधून बघायला येतात की माल कसा आहे, जागा स्वच्छ आहे का, बायांना नीट वागवतात का.

मागच्या हंगामात असाच एक गोरा साहेब आला. पट्ट्यापाशी थांबला आणि नेमकं धोंडाबाईलाच विचारलं, की इथे काम करताना कसं वाटतं. विचारलं इंग्रजीत. मधे हर्षल होता. हर्षल म्हणजे मालक गोरक्षशेठचा पुतण्या, तिथला सुपरवायझर. नाशिकच्या इंग्रजी शाळेत शिकलेला, बोलायला गोड. त्याने प्रश्न मराठीत करून सांगितला. धोंडाबाईला वाटलं, एवढ्या लांबून माणूस आलाय, विचारतोय, तर सांगावं. तिने सांगितलं. दिवसभर उभं राहून पाय सुजतात, बसायला स्टुलं द्या. आणि मागं ते फरशीचं संडास बांधलंय त्याला बाराही महिने कुलूप हाय, आम्ही बाया पलीकडच्या ओहोळात जातो, तिथं साप निघतात, गडी माणसं येजा करतात, लय अवघड होतं.

हर्षलने सगळं मान हलवत ऐकलं. मग साहेबाकडे वळून म्हणाला, "शी इज व्हेरी हॅपी, सर."

साहेब खूश होऊन पुढे गेला. धोंडाबाईला इंग्रजी येत नव्हतं, पण हॅपी म्हणजे काय ते आजकाल कोणाला ठाऊक नाही? कॉलनीत दर दोन दिवसांनी कोणाच्या तरी केकवर तो शब्द लिहिलेला असतो. तिच्या एवढ्या गाऱ्हाण्यात आनंदाचा मागमूस नव्हता, आणि या पोराने त्यातून हॅपी काढलं कुठून? तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. परतताना पिकअपमध्ये ती शेजारच्या सिंधुबाईला म्हणाली, "माझं बोलणं माझ्यादेखत गिळलं त्यानं. वर ढेकर दिला."

"जाऊ दे ना," सिंधुबाई म्हणाली. "आपल्याला कुठं येतंय त्यांचं बोलायला?"

"येत नाय. येईल."

आता हे म्हणणं सोपं होतं. धोंडाबाई सायखेड्याची लेक. आधीची दोन मुलं दगावली म्हणून आईने हिचं नाव धोंडा ठेवलं, म्हणजे ही तरी दगडासारखी टिकावी. टिकली. शाळा मात्र चौथीत सुटली. आईबाप दुसऱ्यांच्या कांद्यात राबायला जायचे, धाकट्या भावंडांना सांभाळायला घरात कोणीतरी हवं होतं. गुरुजी बोलवायला आले तेव्हा बाप म्हणाला, पाठवतो उद्या. तो उद्या काही उगवला नाही. लग्न होऊन नाशिकला आली, नवरा भिकन एका कारखान्यात वॉचमन, एक मुलगा रवी. संसार करता करता शाळेचं नाव तिने कधी काढलं नाही, पण ती गोष्ट तिच्या मनात सलत राहिली होती हे तिच्या नवऱ्यालाही ठाऊक नव्हतं.

कॉलनीच्या विहारात रविवारी वंदना झाली की स्नेहा इंग्रजीचा वर्ग घ्यायची. शेजारचीच पोरगी, बी.एड. केलेली, धोंडाबाईला आत्या म्हणणारी. वर्ग होता कॉलनीतल्या कॉलेजच्या मुलींसाठी. धोंडाबाई त्यांच्यात जाऊन मांडी घालून बसली. दोन रविवारांनी सिंधुबाईलाही ओढून आणलं, मग पिकअपमधल्या आणखी चारपाच जणी आल्या. भिकनने घरी चिडवून घेतलं. "आता जेवायला इंग्रजीत वाढणार का?" तर ही म्हणाली, "वाढीन. तुमाला मागता आलं पायजे."

अक्षरं, शब्द, थोडीफार क्रियापदं, इथवर गाडी बरी चालली. मग स्नेहाने फळ्यावर पुरी वाक्यं आणि तुकडे मांडले, आणि धोंडाबाईची इंग्रजीशी जुंपली.

"काही ओळी पुरी वाक्यं असतात, काही नुसते तुकडे," स्नेहा म्हणाली. "ओळखायला तीन गोष्टी विचारायच्या. कोणाबद्दल बोलतोय? तो काय करतो, किंवा कसा आहे? आणि एवढ्यावरच थांबलं तर ऐकणारा 'मग पुढे?' तर म्हणणार नाही ना? म्हणाला तर समजायचं, तुकडा." आणि तिने लिहिलं: आय धोंडाबाई. "हा तुकडा."

"मी धोंडाबाई. यात काय कमी हाय?" धोंडाबाईने विचारलं. "अख्खी बाई बसलीये तुझ्यापुढं."

"मराठीत काहीच कमी नाही, आत्या. इंग्रजीत मधे 'ॲम' लागतं. त्याच्याशिवाय तुम्ही कोण ते कळतं, पण तुमचं पुढे काय ते कळत नाही."

"मग घाल ते ॲम. मी हाय म्हंजे हाय."

लांबीवर जायचं नाही, हेही तिला पटायला वेळ लागला. 'ग्रेप्स रॉट', द्राक्षं सडतात, एवढेसे दोन शब्द आणि वाक्य पुरं. उलट 'बिकॉज ऑफ द हेवी रेन इन मार्च', मार्चमधल्या जोराच्या पावसामुळे, ही एवढी लांबडी ओळ आणि ती अर्धी. पावसामुळे काय झालं? "माल गेला," सगळ्या बाया एका सुरात म्हणाल्या. स्नेहा हसली. "ते तुम्हाला माहीत आहे. ओळीत कुठे आहे? लंडनला बसलेल्याला कसं कळणार?"

एका रविवारी तर भांडणच झालं. स्नेहाने 'सिट' एवढाच शब्द लिहिला आणि म्हणाली, हे पुरं वाक्य. का? तर हुकूम आहे, आणि ज्याला हुकूम करायचा तो 'तू' त्यात न बोलताच धरलेला असतो.

"म्हंजे हुकूम सोडणाऱ्याचा एक शब्द पण पुरा, आणि आमी दहा शब्द जोडले तरी अर्धं?" धोंडाबाई उठून उभी राहिली. "हे कोणी ठरवलं? आमच्या हर्षलनं ठरवलं का?"

"मी नाही ठरवलं, आत्या."

"मग ज्यानं ठरवलं त्याला सांग, हे बरोबर नाय." आणि चपला घालून निघून गेली. पुढच्या रविवारी मात्र सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती. स्नेहाने सोपं जावं म्हणून द्राक्षाच्या घडाचा दाखला द्यायला सुरुवात केली, देठ असा आणि मणी तसे, तर हिने हात वर केला. "द्राक्षं आठवडाभर बघते मी. रविवारी तरी नको."

सगळ्यात जास्त तिने झटापट केली ती 'व्हेन'शी. 'मॅडम कम्स', मॅडम येतात, हे पुरं. त्याच्याआधी 'व्हेन' लावलं, 'व्हेन मॅडम कम्स', मॅडम येतात तेव्हा, की तेच वाक्य अर्धं होतं. करणारा आहे, करणं आहे, तरी ओळ लोंबकळते. "आधी पुरं होतं, शब्द वाढवला तर अर्धं झालं. असलं कुठं असतं का?" ती पुटपुटायची, पण भाकरी थापताना, धुणं धुताना तेच घोकायची. मॅडम येतात तेव्हा. तेव्हा काय? ते बोल आधी.

मग तिला सगळीकडे तुकडे दिसायला लागले. पॅकहाऊसच्या भिंतीवर निळ्या रंगात मोठी पाटी होती: हॅपी वर्कर्स, स्वीट ग्रेप्स. तिने स्नेहाला विचारलं. स्नेहा म्हणाली, "तुकडेच आहेत, पण पाट्यांवर असं चालतं."

"चालणारच. कोण हॅपी हाय, कशानं झालं, ते लिवायला लागत नाय ना."

इतके दिवस हा सगळा राग होता, आणि रागाला घाई नसते. यंदाच्या हंगामात मात्र घरचीच गोष्ट झाली.

सून तेजल तिच्याच शेजारी पट्ट्यावर उभी राहायची. सातवा महिना. सकाळी घरून पाण्याची बाटली भरून न्यायची आणि संध्याकाळी भरलेलीच परत आणायची. पाणी प्यायलं की जावं लागतं, आणि जायचं कुठे? ओहोळात त्या पोटाने उतरता येत नाही, उतरलं तर चढता येत नाही. मग थेंबभर पाणी न पिता दिवस काढायचा. व्हायचं तेच झालं. लघवीला जळजळ सुरू झाली, अंगात ताप भरला. डॉक्टरीणबाईंनी धोंडाबाईला बाजूला घेऊन बजावलं, हिने भरपूर पाणी प्यायला हवं आणि लघवी अजिबात तुंबवायची नाही, नाहीतर दिवस भरायच्या आधीच कळा सुरू होतील, मग बाळाचं मी काही सांगू शकत नाही.

"तू घरी बस," धोंडाबाई म्हणाली.

"घरी बसले तर पुढच्या हंगामाला आपल्या जागेवर दुसरी उभी राहील, आई," तेजल म्हणाली. "आणि तिचं तरी काय वेगळं होणार?"

या पोरीला कमी बोलायची सवय, पण बोलली की मुद्द्याचं बोलते. धोंडाबाई हर्षलकडे गेली आणि चावी मागितली. रोज नको, एवढ्या पोरीपुरती दे, म्हणाली. हर्षलने कपाळाला हात लावला. "मावशी, ते ऑडिटसाठी आहे. एकदा वापर सुरू झाला की घाण होणार. ऐनवेळी पाहुणे आले की मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. समजून घ्या ना."

संडास बांधायचं, आणि घाण होईल म्हणून वापरायचं नाही! काय बोलणार अशा माणसाशी? धोंडाबाई तशीच पट्ट्याकडे परत गेली. ती गप्प बसली की समजावं, काहीतरी शिजतंय.

आठवड्याने कळलं की हॉलंडहून एक खरेदीदार मॅडम येणार आहेत. आदल्या दिवशी हर्षलने कुलूप काढलं. आत नवा साबण, नवा नॅपकिन, मोगऱ्याचा वास मारणारा कसला तरी फवारा. दाराबाहेर दोन कुंड्या. मग बायांना गोळा करून त्याने शिकवलं, मॅडमनी काही विचारलं तर तीनच गोष्टी बोलायच्या: व्हेरी गुड मॅडम. नो प्रॉब्लेम मॅडम. व्हेरी हॅपी मॅडम. बाकी जे असेल ते मला मराठीत सांगा, मी त्यांना सांगतो. बायांकडून त्याने ते दोनदोनदा म्हणवूनही घेतलं. सिंधुबाई धोंडाबाईच्या कानाशी लागून म्हणाली, "तिन्ही तुकडे गं." धोंडाबाईला हसू आवरेना.

पण रात्री तिच्या ध्यानात आलं की आपलं वाक्य चुकलंय. तिने तयार ठेवलं होतं, द टॉयलेट इज लॉक्ड, संडासाला कुलूप आहे. वाक्य पुरं होतं, काडीचाही दोष नव्हता, आणि उद्या ते खोटं ठरणार होतं. मॅडम जाऊन बघणार, दार सताड उघडं, आत मोगरा. मग धोंडाबाईच खोटारडी. कुलूप आहे एवढं सांगून भागणार नव्हतं. कधी असतं आणि कोण लावतं, ते सांगायला लागणार होतं. म्हणजे पुन्हा त्या मेल्या 'व्हेन'शीच गाठ.

मॅडम आल्या. पांढरे आखूड केस, पायात साधे बूट, हसरा चेहरा. पट्ट्याच्या कडेने चालत त्या तेजलपाशी थांबल्या आणि पोटाकडे बघून काहीतरी मायेने विचारलं. तेजलने मान खाली घालून म्हटलं, "गुड, मॅडम." आणि धोंडाबाईने कात्री खाली ठेवली.

"मॅडम," ती म्हणाली. "व्हेन यू गो..."

तुम्ही जाता तेव्हा. एवढं म्हणाली आणि अडली. पुढचे शब्द कुठे गेले कोण जाणे. सगळी शेड तिच्याकडे बघत होती. मॅडम हसऱ्या तोंडाने थांबल्या होत्या, की पुढे काय.

हर्षलने संधी सोडली नाही. "व्हेन यू गो, दे विल मिस यू, मॅडम," तो हसत म्हणाला. तुम्ही गेलात की यांना तुमची फार आठवण येईल. मॅडम भारावल्या, छातीला हात लावून त्यांनी थँक यू म्हटलं आणि पुढचं पाऊल टाकलं.

धोंडाबाईला शब्दन् शब्द कळला नाही, पण काय झालं ते लख्ख कळलं. आपण अर्धं सोडलं आणि त्याने ते स्वतःच्या सोयीने पुरं करून टाकलं. मागच्या वर्षी सगळंच्या सगळं गिळलं, यंदा अर्ध्याला स्वतःचं शेपूट जोडलं. पळालेले शब्द सगळे परत आले.

"नो," ती म्हणाली. आवाज असा की पट्ट्याच्या त्या टोकाच्या बायांनी मान वर केली. "मॅडम, व्हेन यू कम, ही ओपन्स द टॉयलेट. व्हेन यू गो, ही लॉक्स द टॉयलेट." तुम्ही येता तेव्हा हा संडास उघडतो, तुम्ही जाता तेव्हा हा कुलूप लावतो. हा म्हणजे कोण याबद्दल शंका नको म्हणून तिने दोन्ही वेळा हर्षलकडे बोट केलं. मग तेजलच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "शी डझ नॉट ड्रिंक वॉटर."

मॅडमचं हसू मावळलं. त्यांनी हर्षलकडे बघितलं. हर्षल भराभरा बोलायला लागला, हातवारे करत, आणि मधे मधे धोंडाबाईकडे बघून समजूतदारपणे हसत. त्यातलं 'लँग्वेज' आणि 'ओल्ड लेडी' एवढं तिच्या कानावर पडलं. मॅडम जाऊन संडास बघून आल्या. उघडं होतं, लखलखत होतं. त्यांनी पुन्हा एकदा धोंडाबाईकडे पाहिलं, काहीतरी विचारायला तोंड उघडलं, पण शेठ त्यांना शीतगृह दाखवायला घेऊन गेले. जाताना मात्र त्या दोनदा मागे वळल्या.

गाडी फाटकाबाहेर पडली आणि कुंड्यासुद्धा आत गेल्या. कुलूप जागेवर.

पिकअपमध्ये त्या संध्याकाळी दोघीतिघींना भीती वाटत होती की हिच्यापायी आपलंही काम जाईल, आणि एकीने तसं म्हटलंही. भीती धोंडाबाईलाही वाटत होती. घरी आल्यावर ती भिकनला म्हणाली, "बहुतेक माझं काम गेलं. तेजलचं पण."

भिकन तंबाखू मळत म्हणाला, "बोलायच्या आधी विचारलं असतंस, तर मी नको म्हणलो असतो. म्हणून नाय विचारलंस ते बरं केलंस."

दोन दिवस काहीच झालं नाही. तिसऱ्या दिवशी ऐन कामात ऑफिसात बोलावणं आलं. गोरक्षशेठ खुर्चीत, हर्षल बाजूला उभा, टेबलावर पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवलेला मोबाइल. शेठ आवाज चढवणारा माणूस नाही. "बसा, धोंडाबाई," ते म्हणाले. "तुम्ही काय काय बोललात, त्यावर मॅडमची मेल आली. आता त्यांचा व्हिडिओ कॉल येईल. त्यांना तुमच्याशीच बोलायचंय. तुम्ही फक्त एवढं सांगायचं: मिस्टेक, मॅडम. सॉरी, मॅडम. इंग्लिश वीक, मॅडम. बास. वय झालंय, इंग्रजी कच्चं आहे, चुकून बोललात. यात कोणाची बदनामी नाही."

"आणि नाय सांगितलं तर?"

"तसं कशाला?" शेठ म्हणाले. "तेजलला मी लेबल चिकटवायला बसवतो. खुर्ची, पंखा. बाळंतपणानंतर तिची जागा तिलाच. तुम्हीही आमच्या जुन्या बाई. नाही सांगितलं, तर मग उद्यापासून पिकअप तुमच्या कॉलनीत थांबवायची का नाही, ते मला ठरवावं लागेल."

खुर्ची म्हटल्यावर धोंडाबाई, खोटं कशाला सांगू, डळमळली. सात महिन्यांची गरोदर पोर दिवसभर उभी असते आणि हा माणूस तिला बसायला देतो म्हणतोय. तीन तुकडे बोलायचे आणि सुनेला खुर्ची मिळवायची. कोणीही बोललं असतं, आणि कोणी तिला नावं ठेवली नसती. पण खुर्चीवर बसूनही तेजल पाणी पिणार नव्हतीच. बसून तहानेली राहिली असती, एवढाच काय तो फरक.

मोबाइल वाजला. हर्षलने कॉल घेतला. पडद्यावर मॅडमचा चेहरा आला. त्या हळूहळू, एकेक शब्द सुटा करून बोलल्या, बहुधा तिच्याचसाठी. मिस्टर हर्षल म्हणतात, भाषेचा घोळ झाला. हे खरं आहे का?

हर्षल ओठांनी आवाज न करता सांगत होता: मिस्टेक. सॉरी.

"मॅडम," धोंडाबाई म्हणाली, "माय इंग्लिश इज वीक." शेठनी मान डोलावली. "माय सेंटेन्स इज करेक्ट."

माझं इंग्रजी कच्चं आहे, माझं वाक्य बरोबर आहे. शेठची मान जिथल्या तिथे थांबली. धोंडाबाईने टेबलावरचा मोबाइल उचलला, "यू सी, मॅडम," म्हणाली आणि दाराकडे चालू लागली.

"मावशी, तो मोबाइल..." हर्षल मागून आला. पण हिसकावणार कसा? पडद्यावर मॅडम बघत होत्या. शेठ दारापर्यंत आले आणि तिथेच खिळले. धोंडाबाई मोबाइल छातीशी धरून शेडमधून निघाली, पट्ट्याच्या कडेने, बायांच्या मागून. काय चाललंय ते सिंधुबाईच्या बरोबर ध्यानात आलं. तिने कात्री ठेवली, मोजे काढले आणि तिच्यामागे निघाली. मग वर्गातल्या बाकीच्या निघाल्या. मग ज्या बाईला काम जायची भीती वाटत होती तीसुद्धा निघाली. तेजल पोटाला हात लावून सगळ्यांच्या शेवटी.

संडासाच्या दाराला भलंथोरलं पितळी कुलूप लोंबत होतं. धोंडाबाईने मोबाइल त्याच्यापुढे धरला.

"द लॉक इज ऑन द डोअर," ती म्हणाली. कुलूप दारावर आहे.

मॅडमनी विचारलं, चावी कोणाकडे आहे? धोंडाबाईला ते कळलं, आणि तिने मोबाइल सावकाश हर्षलकडे वळवला.

हर्षल इकडे तिकडे बघू लागला. शेठ एव्हाना मागून येऊन शेडच्या दारात उभे होते, त्यांनी नजर दुसरीकडे वळवली. शेवटी त्याने पँटच्या खिशात हात घातला, चावी काढली आणि कुलूप उघडलं. एवढ्या बायांपुढे त्याला चावी लावायला दोनदा प्रयत्न करावा लागला.

"जा," धोंडाबाई सुनेला म्हणाली.

तेजल आत गेली आणि तिने कडी लावून घेतली. धोंडाबाईने मोबाइल दारावरून बाजूला वळवला, दाराकडे पाठ करून उभी राहिली. तिच्यापुढे सिंधुबाई येऊन थांबली, सिंधुबाईमागे दुसरी, तिच्यामागे तिसरी. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. रांग शेडच्या दारापर्यंत गेली, आणि शेठना बाजूला सरकून वाट द्यावी लागली. शेवटची बाई बाहेर येईपर्यंत पट्ट्यावरची द्राक्षं तशीच पडून होती.